नवी लस आणि हौशी धावपटू : विश्रांती किती, सावधगिरी कोणती?

नवी लस आली की सर्वसामान्य नागरिकाच्या मनात जे प्रश्न उभे राहतात, त्यांत हौशी धावपटूच्या मनातील एका प्रश्नाची भर पडते. लस घेतल्यावर धावावे की धावू नये? धावायचे झाल्यास केव्हा आणि किती? रोज पहाटे उठून पाच-दहा किलोमीटर धावणारी, वर्षातून एखाद-दुसऱ्या अर्धमॅरेथॉनची तयारी करणारी ही मंडळी व्यावसायिक खेळाडू नसतात. त्यांच्यासोबत डॉक्टर वा प्रशिक्षकांचा ताफा नसतो. त्यामुळे त्यांचे निर्णय बहुधा सोबत्यांच्या सांगण्यावर आणि कानावर आलेल्या गोष्टींवर ठरतात. २०२१ मध्ये देशात कोविड-१९ प्रतिबंधक लसीकरण सुरू झाले, तेव्हा लाखो हौशी धावपटूंना हा प्रश्न प्रथमच एकाच वेळी पडला. त्यांचा तो अनुभव आणि त्यानंतर झालेले वैद्यकीय अभ्यास आजही उपयोगी आहेत, कारण प्रौढांनी घ्यावयाच्या लसी यापुढेही येतच राहणार आहेत.

मोहिमेची पार्श्वभूमी

भारतात कोविड-१९ प्रतिबंधक दोन लसींना ३ जानेवारी २०२१ रोजी आपत्कालीन वापरासाठी मर्यादित परवानगी मिळाली. ‘कोविशिल्ड’ ही ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि ॲस्ट्राझेनेका यांनी विकसित केलेली लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली. ‘कोव्हॅक्सिन’ ही हैदराबादच्या भारत बायोटेकची लस असून तिच्यासाठी लागणारा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत वेगळा करण्यात आला होता. १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून मोहीम सुरू झाली. १ मार्चपासून साठ वर्षांवरील नागरिक व सहव्याधी असलेले ४५ वर्षांवरील नागरिक, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्व नागरिक आणि १ मेपासून १८ वर्षांवरील सर्व नागरिक पात्र ठरले. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी मात्रांच्या संख्येने १०० कोटींचा, तर १७ जुलै २०२२ रोजी २०० कोटींचा टप्पा ओलांडला.

धावण्याच्या स्पर्धा या काळात जवळजवळ थांबल्या होत्या. २००४ पासून दर जानेवारीत होणारी मुंबई मॅरेथॉन जानेवारी २०२० नंतर थेट १५ जानेवारी २०२३ रोजीच पुन्हा होऊ शकली. परदेशात ऑक्टोबर २०२१ मधील बॉस्टन मॅरेथॉनसाठी लसीकरणाचे प्रमाणपत्र किंवा बाधा नसल्याचा चाचणी अहवाल आवश्यक करण्यात आला. स्पर्धांची दारे पुन्हा उघडायची तर लस घ्यायला हवी, हे धावपटूंना उमगले होते. मात्र लस घेतल्यानंतरच्या दिवसांत कसे वागावे, याचे उत्तर प्रत्येक जण आपापल्या परीने शोधत होता.

लस घेतल्यानंतरचे दोन दिवस

त्या काळात कोविशिल्डची पहिली मात्रा घेतलेल्या चाळिशी-पंचेचाळिशीतील धावपटूचे उदाहरण कल्पनेने डोळ्यांसमोर आणता येईल. सकाळी लसीकरण केंद्रावर दंडाच्या स्नायूत अर्धा मिलिलिटर लस टोचली जाते. त्यानंतर अर्धा तास निरीक्षण कक्षात बसावे लागते. घरी परतल्यावर दुपारपर्यंत काहीच जाणवत नाही आणि ‘आपण रोज धावतो, आपल्याला काय होणार’ असा विश्वास मनात बळावतो. सायंकाळी दंड जड होतो. रात्री अंगात कणकण भरते, थंडी वाजते आणि पायांचे स्नायू नुकतीच मॅरेथॉन धावून आल्यासारखे ठणकू लागतात. दुसऱ्या दिवशी पहाटे गजर वाजतो. मनगटावरील घड्याळ पाहावे तर एरवी विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ५५ असणारे नाडीचे ठोके ६५ वर गेलेले दिसतात. बूट दाराशीच असतात. खरा पेच येथे निर्माण होतो.

पेचाचे मूळ धावपटूच्या सवयीत असते. थकलेल्या पायांनी धावण्याची, अंगदुखीकडे दुर्लक्ष करण्याची शिकवण त्याने वर्षानुवर्षे स्वतःला दिलेली असते. त्यामुळे लसीनंतरची अंगदुखीही तो नेहमीच्या सरावातील थकव्यासारखीच मानतो. प्रत्यक्षात या दोन्हींची कारणे भिन्न आहेत.

शरीरात काय घडते?

लस शरीरात जाताच रोगप्रतिकारक यंत्रणेची पहिली फळी जागी होते. बाहेरून काहीतरी आले आहे, असा संदेश देणारी रासायनिक द्रव्ये रक्तात मिसळतात. मेंदूतील तापमान नियंत्रण करणारे केंद्र त्यांच्या प्रभावाने शरीराचे तापमान वाढवते. स्नायू व सांधे दुखणे, डोके जड होणे, ग्लानी येणे ही त्याच प्रक्रियेची बाह्य लक्षणे होत. लसीमुळे रोग झाला, असा त्याचा अर्थ नाही. कोविशिल्डमध्ये चिंपांझीत आढळणाऱ्या सर्दीच्या विषाणूचे शरीरात वाढू न शकणारे रूप वाहक म्हणून वापरले होते, तर कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला विषाणू होता. या दोहोंमुळे कोविड होणे शक्य नव्हते.

कोविशिल्डची पहिली मात्रा अधिक त्रासाची आणि दुसरी तुलनेने सौम्य, असा अनेकांचा अनुभव होता. वैद्यकीय चाचण्यांतही तसेच आढळले होते. परदेशात वापरलेल्या फायझर व मॉडर्ना यांच्या एमआरएनए प्रकारच्या लसींत मात्र दुसऱ्या मात्रेचा त्रास अधिक होत असे. वयस्कर व्यक्तींपेक्षा तरुणांमध्ये ताप व अंगदुखीचे प्रमाण जास्त असते. त्यामुळे शरीर धडधाकट असूनही ताप आला, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. उलट काहीच त्रास झाला नाही म्हणून लस लागू पडली नाही, असेही समजू नये.

नाडी वाढण्यामागेही हेच कारण असते. शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की हृदयाचे ठोके मिनिटाला साधारणतः आठ ते दहाने वाढतात. अमेरिकेत मनगटी उपकरणांच्या साहाय्याने झालेल्या एका अभ्यासात लसीनंतर विश्रांतीच्या वेळची नाडी वाढते, दुसऱ्या दिवशी ही वाढ सर्वाधिक असते आणि आठवड्याच्या आत ती पूर्वपदावर येते, असे दिसून आले. अशा वेळी धावू लागल्यास हृदयावर तापाचा आणि श्रमाचा असा दुहेरी भार पडतो. घामावाटे पाणी कमी होते आणि तापलेले शरीर थंड होण्यास अडथळा येतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात, ज्या महिन्यांत ४५ वर्षांवरील अनेकांनी पहिली मात्रा घेतली, हा धोका अधिक होता.

विश्रांतीने सराव वाया जातो काय?

दोन दिवस न धावल्यास महिनोन्महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल, ही भीती हौशी धावपटूंत सार्वत्रिक आहे. क्रीडावैद्यक शास्त्र या भीतीला दुजोरा देत नाही. श्रमाच्या वेळी प्राणवायू वापरण्याची शरीराची कमाल क्षमता दोन-तीन दिवसांच्या खंडाने लक्षणीय प्रमाणात घटत नाही. व्यायाम पूर्ण थांबवून साधारण दहा दिवस ते दोन आठवडे उलटल्यावर ती घट जाणवू लागते.

याउलट, प्रत्यक्ष आजाराची किंमत पाहावी. कोविड होऊन गेलेल्यांनी व्यायामाकडे कसे परतावे, याविषयी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जानेवारी २०२१ मध्ये मार्गदर्शन प्रसिद्ध झाले. किमान सात दिवस कोणतेही लक्षण नसल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये आणि त्यानंतरही किमान दोन आठवडे अगदी हलकेच श्रम करावेत, असा सल्ला त्यात होता. म्हणजे सौम्य आजारानेही धावपटूचा जवळपास महिना जात होता. एप्रिल-मे २०२१ मधील दुसऱ्या लाटेत देशात एका दिवसात चार लाखांवर नवे रुग्ण नोंदले गेले. त्या दिवसांत खाटा आणि प्राणवायूसाठी झालेली वणवण ज्यांनी पाहिली, त्यांना लसीनंतरची दोन दिवसांची विश्रांती महाग वाटण्याचे कारण नव्हते.

कोविशिल्डच्या दोन मात्रांमधील अंतर आरंभी चार ते सहा आठवडे होते. मार्च २०२१ मध्ये ते सहा ते आठ आठवडे आणि १३ मे २०२१ रोजी बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. मॅरेथॉनची पूर्वतयारीही साधारण तेवढ्याच आठवड्यांची असते. त्यामुळे सरावाच्या वेळापत्रकात लसीचा दिवस आधीच ठरवून ठेवणे अनेकांना जमले. लांब पल्ल्याची धाव लसीच्या आदल्या दिवशीपर्यंत उरकावी आणि नंतरचे दोन-तीन दिवस विश्रांतीचे ठेवावेत, ही सोपी आखणी आजही कोणत्याही लसीला लागू पडते.

व्यायामाने लस अधिक परिणामकारक होते काय?

लसीनंतर धावूच नये, असा याचा अर्थ नाही. या विषयावरील संशोधन धावपटूंना दिलासा देणारे आहे. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही व्यक्तींना लस टोचल्यावर लगेच दीड तास हलका ते मध्यम व्यायाम करण्यास सांगितले. चालणे, सावकाश धावणे किंवा सायकल चालवणे असे त्याचे स्वरूप होते. इन्फ्लुएंझा आणि कोविड या दोन्ही लसींच्या बाबतीत, बसून राहिलेल्यांच्या तुलनेत या व्यक्तींमध्ये पुढील चार आठवड्यांत प्रतिपिंडांचे प्रमाण अधिक आढळले. पाऊण तासाच्या व्यायामाने मात्र तसा लाभ दिसला नाही. सहभागी व्यक्तींची संख्या थोडी असल्याने यावरून सर्वांसाठी नियम बांधणे योग्य ठरणार नाही. तरीही बरे वाटत असताना केलेला हलका व्यायाम लसीला मारक नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते.

दक्षिण आफ्रिकेतील सुमारे दोन लाख आरोग्य कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारलेला अभ्यासही २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे जॉन्सन अँड जॉन्सनची लस वापरण्यात आली होती. रुग्णालयात दाखल होण्यापासून मिळणारे संरक्षण कमी व्यायाम करणाऱ्यांत सुमारे ६० टक्के, मध्यम व्यायाम करणाऱ्यांत ७२ टक्के, तर भरपूर व्यायाम करणाऱ्यांत ८६ टक्के आढळले. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने सारा फरक व्यायामामुळेच पडला, असे ठामपणे म्हणता येत नाही. पण लस आणि नियमित व्यायाम ही परस्परविरोधी नसून परस्परपूरक साधने आहेत, याकडे तो निश्चितच निर्देश करतो. हा लाभ वर्षभराच्या सवयीचा आहे. तापात रेटून केलेल्या एका धावेचा नव्हे.

दुर्मीळ पण गंभीर लक्षणे

लसीनंतरच्या गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण अत्यल्प होते. तरीही ते जाणून घेणे धावपटूसाठी विशेष महत्त्वाचे आहे, कारण त्यांची लक्षणे सरावातील दुखण्याशी मिळतीजुळती असतात.

कोविशिल्डच्या बाबतीत रक्तात गुठळ्या होणे व त्याच वेळी रक्तातील बिंबिकांची म्हणजे प्लेटलेटची संख्या घटणे, असा दुर्मीळ विकार आढळला. मे २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार देशात दहा लाख मात्रांमागे ०.६१ इतके त्याचे प्रमाण होते. लसीनंतरच्या काही आठवड्यांत तीव्र व न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणे, धाप लागणे, छातीत वा पोटात दुखणे किंवा एका पायाला सूज येणे ही त्याची लक्षणे. धावपटूची पोटरी दुखणे ही नित्याची बाब. दोन्ही पोटऱ्या सारख्याच दुखत असतील तर ती बहुधा श्रमाची वा तापाची अंगदुखी असते. एकच पाय सुजला, गरम लागू लागला आणि विश्रांतीनेही उतार पडला नाही, तर स्नायू ताणला असेल असे समजून मालिश करत बसू नये. त्वरित डॉक्टरांकडे जावे.

दुसरा दुर्मीळ विकार हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा, म्हणजे मायोकार्डायटिसचा. तो मुख्यतः एमआरएनए लसींच्या दुसऱ्या मात्रेनंतर काही दिवसांत, विशेषतः किशोरवयीन मुले व तरुण पुरुष यांच्यात आढळला. म्हणूनच सिंगापूरच्या आरोग्य यंत्रणेने जुलै २०२१ मध्ये दुसऱ्या मात्रेनंतर आठवडाभर जोरदार व्यायाम टाळण्याची सूचना केली. फायझर व मॉडर्नाच्या या लसी भारताच्या राष्ट्रीय मोहिमेत वापरल्या गेल्या नव्हत्या. शिवाय प्रत्यक्ष कोविड संसर्गामुळेही हा विकार होतो आणि एकूण लोकसंख्येचा विचार करता संसर्गानंतरचे त्याचे प्रमाण लसीनंतरच्या प्रमाणाहून अधिक आढळले. छातीत दुखणे, विनाकारण धडधडणे, थोड्याशा श्रमाने दम लागणे किंवा भोवळ येणे यांपैकी काहीही जाणवल्यास धावणे तत्काळ थांबवावे. हा विकार निश्चित झाल्यास साधारणतः तीन ते सहा महिने स्पर्धात्मक खेळापासून दूर राहावे, अशी हृदयरोगतज्ज्ञांची प्रचलित शिफारस आहे.

अफवा आणि वस्तुस्थिती

साथ ओसरल्यावर धावताना, नाचताना वा व्यायामशाळेत तरुण व्यक्ती कोसळल्याच्या बातम्या आल्या आणि त्यांचा संबंध लसीशी जोडला जाऊ लागला. या शंकेमुळे अनेकांनी वर्धक मात्रा टाळली. काहींनी धावणेही सोडले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या प्रश्नाचा अभ्यास केला. देशातील ४७ रुग्णालयांच्या सहभागातून १८ ते ४५ वयोगटातील, वरवर निरोगी असलेल्या व्यक्तींच्या ७२९ आकस्मिक मृत्यूंची तुलना २,९१६ जिवंत व्यक्तींशी करण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार लसीमुळे आकस्मिक मृत्यूचा धोका वाढल्याचे आढळले नाही. उलट दोन मात्रा घेतलेल्यांमध्ये तो कमी होता. कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कुटुंबात आकस्मिक मृत्यू झालेला असणे, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांत अतिमद्यपान, अमली पदार्थांचे सेवन किंवा अतिश्रमाचा व्यायाम या बाबी मात्र धोक्याशी निगडित आढळल्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये लस व आकस्मिक मृत्यू यांचा संबंध नसल्याचा पुनरुच्चार केला.

याच अभ्यासाचा हवाला देऊन तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री मनसुख मांडविया यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये, ज्यांना कोविडचा तीव्र त्रास झाला होता त्यांनी एक-दोन वर्षे अतिश्रम टाळावेत, असे आवाहन केले होते. धावपटूंनी यातून योग्य तो बोध घ्यावयास हवा. पस्तिशीनंतर खेळताना येणाऱ्या आकस्मिक मृत्यूंचे प्रमुख कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे हे असते. तरुण वयात बहुधा हृदयाचे जन्मजात वा आनुवंशिक दोष कारणीभूत असतात. दोष लसीच्या माथी मारला की या खऱ्या कारणांकडे दुर्लक्ष होते आणि ज्या तपासणीने जीव वाचला असता, ती तपासणी राहून जाते.

पुन्हा धावण्यापूर्वी

उपलब्ध माहितीच्या आधारे हौशी धावपटूंनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

लसीचा दिवस आणि महत्त्वाची स्पर्धा यांत किमान एक-दोन आठवड्यांचे अंतर असावे. ताप असताना लस घेण्यासाठी जाऊ नये. पूर्वी एखाद्या लसीची वा औषधाची तीव्र ॲलर्जी झाली असल्यास ते आधीच सांगावे.

लस घेतलेल्या दिवशी बरे वाटत असल्यास चालण्यास हरकत नाही. दंड आखडू नये म्हणून हात हलका हलवत राहावा. थंड पाण्याची घडी ठेवल्यास आराम पडतो.

ताप, थंडी किंवा सर्वांगाला वेदना असेपर्यंत धावू नये. ताप उतरण्यासाठी पॅरासिटामॉल घेता येते. मात्र औषध घेऊन ताप दाबायचा आणि मग धावायला निघायचे, हे टाळावे. गोळीने ताप उतरलेला दिसतो, शरीरातील प्रक्रिया चालूच असते. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेऊन उन्हात लांब पल्ला धावल्यास मूत्रपिंडांनाही अपाय होऊ शकतो. लस घेण्याआधीच खबरदारी म्हणून वेदनाशामक घेण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केलेली नाही.

औषधाशिवाय पूर्ण दिवस ताप नसेल आणि विश्रांतीच्या वेळची नाडी नेहमीच्या आकड्यावर आली असेल, तर धावण्यास आरंभ करावा. पहिली धाव छोटी, सपाट रस्त्यावरची आणि सोबत्याशी बोलता येईल इतक्या संथ गतीची असावी. वेगाचा सराव, चढणीवरची धाव आणि लांब पल्ला त्यानंतरच्या आठवड्यात घ्यावा. एमआरएनए लस घेतलेल्या तरुणांनी आठवडाभर जोरदार व्यायाम टाळलेला बरा.

कुटुंबात हृदयविकाराचा इतिहास, मधुमेह, रक्तदाब किंवा कोविडचा पूर्वी तीव्र त्रास झालेला असल्यास मॅरेथॉनच्या तयारीपूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. कोविशिल्डचे उत्पादन सीरम इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०२१ पासूनच थांबवले होते. त्या लसीचा प्रश्न आता उरलेला नाही. परंतु इन्फ्लुएंझाची लस प्रौढांना दरवर्षी घेता येते आणि उद्या एखादी नवी साथ आली तर नवी लसही येईल. त्या दिवशी पहाटे गजर वाजेल आणि अंगात ताप असेल, तेव्हा दाराशी ठेवलेले बूट दोन दिवस तसेच राहू द्यावेत. ताप अंगावर काढून धावणे ही चिकाटी नव्हे. लस घेऊन शांतपणे पडून राहणे हादेखील धावपटूच्या सरावाचाच भाग होय.